धुऊन आणलेले डबे

धाकटी पुण्याची नोकरी सोडून गावी आली आणि म्हणाली, मी औषधाचे रिकामे डबे गोळा करणार. मी म्हटलं, बरोबर आहे, शेतकी कॉलेजात एवढी वर्षं घातली ती भंगार गोळा करायलाच. ती नुसती हसली. तिला माझ्या बोलण्याची सवय आहे. मी मोठी. हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला शिवणक्लास चालवते, आणि माझी जीभ माझ्या कात्रीच्या पुढे धावते असं माझा नवराच चारचौघांत सांगतो.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. कपाशी, सोयाबीन, तूर. कपाशीवर जे काही फवारतात त्याला आमच्याकडे सरसकट औषधच म्हणतात, आणि त्याचे रिकामे डबे सगळ्या शिवारात पडलेले असायचे. शेताच्या धुऱ्यावर, नाल्यात, विहिरीच्या काठावर. कुणी ढीग करून पेटवून द्यायचं, मग दिवसभर डोळे चुरचुरायचे. लहान लेकरं त्याची झाकणं तारेत ओवून गाडी करायची. हे मी जन्मापासून बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. धाकटीला दिसलं. ते तिचं मोठेपण, मी नाकारत नाही.

तिची युक्ती साधी होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया आमच्या गल्लीतून वर्षानुवर्षं फिरत आल्या आहेत. तिनं तेच केलं, फक्त कपड्यांच्या जागी डबे घेतले. पोतं भरून डबे आणा, स्टीलचं पातेलं घेऊन जा. गोळा झालेले डबे एक कंपनी नेऊन त्यांचा चुरा करायची आणि त्यातून वायरी घालायच्या नळ्या बनवायची. बापयांना या धंद्यात रस नव्हता, पण पातेलं म्हटल्यावर बायांनी शिवार पालथं घातलं. एका हंगामात नाला मोकळा दिसायला लागला. मुंबईहून माणसं कॅमेरे घेऊन आली. त्यांनी धाकटीला सामाजिक उद्योजिका म्हटलं. आईनं मला हळूच विचारलं, "म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "स्वतःच्या घरचं खाऊन गावाचं झाडणारी." आई म्हणाली, "मग बराबर हाय."

डबे जमा करायला जागा हवी होती. धाकटी टेम्पो घेऊन गावोगाव हिंडायची, आणि आमच्या गावातल्या बाया तिची वाट बघत थांबणार नव्हत्या. जागा म्हणजे आमचं अंगण ठरलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, ते गेल्यापासून आई दिवसभर घरात एकटीच. बुद्धविहाराच्या भिंतीला लागून आमचं घर आहे, समोर मोठं अंगण, नळ, कडेला मोरी. आईला काम मिळालं, माणसांची ये-जा मिळाली. ती खूश झाली. इतकी खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या खुशीचाच मला थोडा राग यायचा. मी दर रविवारी एसटीनं येत होते तेव्हा नव्हती ही खुशी.

धाकटीनं सगळ्यांना एक गोष्ट बजावून ठेवली होती. डबा रिकामा झाला की शेतातच विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा तसाच पोत्यात टाकायचा. घरी आणून धुवायचा नाही. हे तिनं आईलाही सांगितलं. आई हो म्हणाली.

त्या हंगामात आईच्या कोंबड्या मरायला लागल्या. सकाळी झाकलेली टोपली उचलावी तर एखादी मान टाकून पडलेली. आई म्हणाली मानमोडी आली असेल, दर साली येते. पण शेजारच्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या. मग मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू पिवळा पडला. मग दारात येऊन बसणारं कुत्रं यायचं बंद झालं. अंगणात एक आंबूस, लसणासारखा वास भरून राहिलेला असायचा. मी नाक दाबून म्हणायचे, हे काय घरात आणून ठेवलंय. आई म्हणायची, "तुला शहराचं वारं लागलं."

एका रविवारी मी तिला सुई ओवायला दिली. आई म्हातारी झाली तरी सुई पहिल्या फटक्यात ओवायची, मला ती कला तिच्याकडूनच आली. त्या दिवशी तिला दोरा दिसेना. मी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बाहुल्या एवढ्याशा झाल्या होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. हाताची बोटं बारीक थरथरत होती. मला कसलीच विद्या नाही, पण मला भीती वाटली. आई आपल्या हातातून जाणार, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं आणि नंतर ते गेलंच नाही.

मी धाकटीला फोन केला, आईला दाखवायला ने म्हटलं. ती म्हणाली, नेते, या आठवड्यात टेम्पो लागलाय. आई म्हणाली वय झालं. मीही चार दिवस गप्प बसले. मग आई मोरीजवळ पडली. तोंडातून लाळ, कपडे घामानं भिजलेले, श्वास घरघरतोय. शेजारच्यांनी जीपमध्ये घालून हिंगोलीला आणली.

डॉक्टरांनी बाहुल्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "या फवारणी करतात का?" मी म्हटलं, आमच्या आईनं कित्येक वर्षांत शेतात पाऊल टाकलेलं नाही. ते म्हणाले, "मग औषधाजवळ जाणारं काहीतरी करत असतील. हे एका दिवसाचं नाही." धाकटी माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला माझ्याआधी कळलं.

आमच्या माघारी आई डबे धूत होती. सगळे. बायांनी आणलेला प्रत्येक डबा ती नळाखाली धरून, आधी राखेनं, मग चिंचेनं, मग कढत पाणी ओतून घासत होती आणि उन्हात पालथा घालत होती. हातानं. मोरीवर वाकून. पोतं भरलं की लखलखीत डबे टेम्पोत चढायचे, आणि धाकटीला वाटायचं आपल्या गावचे शेतकरी किती नीट विसळतात. त्याहून वाईट पुढं होतं. जी बाई मळका डबा आणायची तिला आई दारातून परत पाठवायची. "धुऊन आण. दुसऱ्याच्या हातात अशी वस्तू देत असतेत व्हय?" मास्तरांची बायको म्हणून गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं, आणि मास्तरीणबाईनं परत पाठवलं म्हणजे लाजेची गोष्ट. म्हणून बायांनीही घरोघरी धुवायला सुरुवात केली होती. हापशावर, विहिरीवर, गुरांच्या हौदाशी.

धाकटी दवाखान्याच्या कट्ट्यावर बसून रडली. "मी हजारदा सांगितलं गं तिला, धुवायचं नाही." मी तिला रडू दिलं. आईनं काहून ऐकलं नाही ते मला ठाऊक होतं, आणि धाकटीला ठाऊक नव्हतं, कारण आईनं तिला ते कधी सांगितलेलं नाही.

आई लहान असताना तिच्या माहेरी दूध आणायला तिलाच पाठवायचे. लोटी घासून घासून आरशासारखी करून ती मोठ्या घराच्या अंगणात जायची. लोटी खाली ठेवायची आणि लांब उभं राहायचं. घरातली बाई आधी लोटीवर पाणी शिंपडायची, मग वरून दूध ओतायची, धार लोटीला लागू नये इतक्या वरून. एकदा त्या बाईनं लोटीत डोकावून तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, तुमच्या लोकांची भांडी अशीच. लोटी स्वच्छ होती. आई घरी आली आणि तिनं ती पुन्हा घासली, हाताची कातडी निघेपर्यंत. हे तिनं मला माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, भांडी बांधताना. तेव्हापासून आमच्या घरातून बाहेर गेलेल्या एकाही वस्तूवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. वाटीभर साखर उसनी आणली तरी वाटी परत जाताना नवी दिसायची. अशा माझ्या आईच्या अंगणात मळके डबे यावेत, तिच्या हातून ते पुढं जावेत, आणि कुठल्या तरी कंपनीतल्या माणसानं ते उघडून तोंड वाकडं करावं? धाकटीनं लाख सांगितलं असतं.

आई वाचली. आठवडाभर सलाइन, इंजेक्शनं. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. शरीरात जी ताकद या विषाला तोंड देते ती त्यांच्या अंगात आता उरलेली नाही, ती भरून यायला महिने लागतील, म्हणाले. तोवर थेंबभरही नको. हातालाही नको, पोटात तर नकोच. पुढच्या वेळेला मी काही करू शकेन असं धरून चालू नका. हे सगळं आम्ही आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा बघून मला कळत होतं की तिला अर्धंच पटलंय. धुण्याचं पाणी वाईट, हे ती मानायला तयार होती. पण धुतल्यावर? "राखेनं, चिंचेनं घासल्यावर काय ऱ्हातंय त्याच्यात?" मी ओरडले तिच्यावर. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

धाकटीनं अंगण रिकामं केलं, मोरी फोडून माती काढली, आणि गावोगाव सांगत सुटली की डबे धुऊ नका. मी क्लासला कुलूप लावून आईजवळ राहायला आले. धाकटी रोज संध्याकाळी आधीच्यापेक्षा गप्प होऊन परत यायची. तिचे डबे कमी यायला लागले होते. बायांचा रस संपला असं तिला आधी वाटलं. मग एका घरात तिनं पाणी मागितलं, आणि पाणी आलं ते पांढऱ्याशुभ्र डब्यातून. तिनं विचारलं हा कुठला. बाई अभिमानानं म्हणाली, औषधाचाच की, मास्तरीणबाईच्या पद्धतीनं घासला, एवढा चांगला डबा पातेल्यावर काहून द्यावा?

मग ती बघतच सुटली. तेल, डाळ, गुळाचा पाक, शेतात न्यायचं पाणी. आधी हेच डबे वास मारायचे म्हणून लोक धुऱ्यावर फेकायचे. आता ते वास मारत नव्हते. आईच्या राखेनं आणि चिंचेनं ते स्वयंपाकघरात नेण्याजोगे झाले होते. धाकटी म्हणाली, "ताई, मी ते शिवारातून उचलले आणि चुलीपाशी नेऊन ठेवले." मला तिची थट्टा करायची होती, सवयीनं. जमलं नाही. मला त्या गावाची भीती वाटायला लागली होती. दारात एखादी बाई डोक्याला हात लावून बसलेली दिसली, एखादं लेकरू ओकताना दिसलं की मी थांबून बघत राहायचे.

लोक धाकटीचं ऐकत नव्हते. कालपर्यंत तुमीच धुवा म्हणत होता, आज तुमीच नको म्हणून राहिलात, असं तोंडावर म्हणायचे. आणि कुणाला काय झालंय? मास्तरीणबाईचं वय झालं, बस.

अशात मळ्यातल्या काकू आल्या.

गावाच्या वरच्या अंगाला मोठा मळा आहे, तिथल्या या सर्वांत थोरल्या. सगळं गाव त्यांना मळ्यातल्या काकू म्हणतं. डबे द्यायच्या निमित्तानं त्या पहिल्यांदा आमच्या वस्तीत आल्या होत्या, आईनं त्यांनाही एकदा दारातून परत पाठवलं होतं, आणि तिथून दोघींची मैत्री जमली होती. दुपारी येऊन ओट्यावर बसायच्या. चहाही घेतला होता त्यांनी आमच्याकडे. पण त्यांच्या घरून आमच्या घरी आजवर काही खायला-प्यायला आलेलं नव्हतं. कधीच नाही. वडिलांच्या काळातही नाही. याचा कुणी उच्चार करायचं नाही, आणि सगळ्यांना ते माहीत असायचं.

त्या दिवशी त्या उन्हातून चालत आल्या, पदर सावरत ओट्यावर टेकल्या आणि पिशवीतून डबा काढला. "मास्तरीणबाई, ताक आणलं. सकाळीच घुसळलं. आजारी माणसाला थंड पडंल."

आई पलंगावर उठून बसली. तिनं डबा बघितला नाही. ती काकूंकडे बघत होती.

डबा धाकटीनं बघितला. ती पुढं झाली आणि शक्य तितक्या हळू म्हणाली, "काकू, हा औषधाचा डबा आहे."

"व्हय की. पण नवा हाय. घरातले रोजचे होते, पण म्हणलं तुझ्या मायला न्यायचं तर चांगला नवा काढावा. कालच घासला, तुझ्या मायनंच शिकवलं तसा."

कालच. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत त्यात औषध होतं, आणि सकाळपासून आंबट ताक त्यात ढवळत आलं होतं.

धाकटी म्हणाली, "काकू, आईला यानंच झालं. यातलं तिला चालणार नाही. तुम्हीही पिऊ नका, लेकरांना देऊ नका."

काकूंचा चेहरा पडला. घाबरलेला नव्हता तो. दुखावलेला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा धाकटीकडे, आणि डबा स्वतःकडे ओढला. "न्हाई चालत तर न्हाई चालत," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं चालत न्हाई असं सरळ म्हणावं माणसानं. औषधाचं नाव काहून घेता?"

मला हसावं की रडावं कळेना. पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्या घरचं चालत नाही’ हे वाक्य आम्हाला ज्या बाजूनं यायचं त्याच बाजूनं ते आज रडवेलं होऊन आलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आईनं हात वर करून मला थांबवलं.

"आणा इकडं," ती म्हणाली.

"आई."

"गप बस. गिलास आण."

मी आणला नाही. धाकटीनंही आणला नाही. आईनं उशाजवळचा तांब्या पुढं केला आणि काकूंनी त्यात ताक ओतलं, जवळून, डब्याची कड तांब्याला टेकवून. मी आईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, त्या थरथरत्या बोटांत एवढं बळ कुठून आलं मला माहीत नाही, आणि ती प्यायली. एक घोट नाही. सगळं. मग तोंड पुसून म्हणाली, "लई चांगलं झालं ताक. आता ऐका माझं. पोरगी खरं सांगती. हे डबे घरात ठेवू नका. माझंच चुकलं, मीच शिकवलं. हा इथंच ठेवा आन्‌ घरातले सगळे आजच आणून द्या."

काकूंनी मान हलवली. आईनं ताक प्यायल्यावर त्यांना सगळंच पटलं होतं. त्या उठल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि संध्याकाळी सगळे डबे पाठवते म्हणाल्या. वस्तीतून जाताना त्यांनी दोन-तीन घरांपुढं थांबून बायांना काहीतरी सांगितलेलं मी दारातून बघितलं. जे धाकटीला महिनाभरात जमलं नव्हतं ते त्या दुपारी सुरू झालं.

मी आईला ओकारी काढायला लावत होते, घशात बोटं घालत होते, आणि ती मला ढकलत होती. "धुतलेलं होतं गं, काय न्हाई होत." धाकटी जीपसाठी फोन करत होती. जीप येईपर्यंत आईच्या तोंडातून लाळ गळायला लागली होती.

सेनगाव मागं पडलं तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पदरानं लाळ पुसत होते, ती पुन्हा येत होती. मला सगळ्यांचा राग येत होता. आईचा राग, काकूंचा राग, त्या लोटीवर पाणी शिंपडणाऱ्या कधीच मेलेल्या बाईचा राग. आईला माझं तोंड दिसत नसावं, पण तिला माझा स्वभाव ठाऊक होता. ती म्हणाली, "तिला काय बोलू नको." मी म्हटलं, "बोलणार." मग बराच वेळ ती नुसती श्वास ओढत राहिली आणि म्हणाली, "सांगायचंच झालं तर ताकानं न्हाई म्हण. डब्यानं."

हिंगोलीला डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

गावानं त्यानंतर डबे ठेवले नाहीत. बाया पोती भरभरून आणून देत होत्या, मळके, झाकण लावलेले, जसेच्या तसे, आणि धाकटी तोंडाला फडकं बांधून ते टेम्पोत चढवत होती. एकही धुतलेला नव्हता. तिचं काम आता चार तालुक्यांत चालतं, माणसं पुन्हा कॅमेरे घेऊन येतात, आणि धाकटी त्यांना आमच्या गावी आणत नाही.

मळ्यातल्या काकू मातीला आल्या होत्या, पण लांब उभ्या राहून परत गेल्या. आठवड्यानं त्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत. उंबऱ्यापाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "माझ्या ताकानं गेली का?"

मी म्हटलं, "ताकानं नाही. डब्यानं."

त्यांच्या हातात काही नव्हतं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होत्या. मग म्हणाल्या, "पोरगी सांगत व्हती तरी. तुझ्या मायला ठाव व्हतं ना? मग पिली काहून?"

तुम्ही आणलं होतं म्हणून, असं मी म्हणाले, आणि आत निघून आले.